वकिली आणि रदबदली

डिसेंबर २०१२ मध्ये भारतीय संसदेत एका परदेशी कंपनीच्या खर्चावरून मोठा गदारोळ झाला. किरकोळ व्यापारात परकीय गुंतवणुकीस परवानगी देण्याचा निर्णय तेव्हा नुकताच झाला होता, आणि वॉलमार्ट या अमेरिकन कंपनीने २००८ पासून सुमारे अडीच कोटी डॉलर 'लॉबिंग'वर खर्च केल्याचे वृत्त त्याच सुमारास प्रसिद्ध झाले. ज्या विषयांसाठी हा खर्च झाला, त्यांच्या यादीत भारताच्या बाजारपेठेत गुंतवणुकीसाठी प्रवेश मिळविणे हाही एक विषय होता. यांपैकी काही रक्कम भारतात कोणाच्या हाती पडली काय, असा सदस्यांचा सवाल होता. हा खर्च अनेक विषयांवरचा असून तो अमेरिकेतच झालेला आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. शासनाने २०१३ च्या आरंभी निवृत्त मुख्य न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची एकसदस्य समिती नेमली. तिच्या अहवालातून निश्चित निष्कर्ष निघू शकला नाही.

त्या गदारोळात एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या नजरेतून निसटली. ही माहिती कोणा वार्ताहराने शोधून काढलेली नव्हती, की कोणा गुप्तचराने पुरविलेली नव्हती. ती खुद्द कंपनीच्या वतीने अमेरिकेच्या सिनेटकडे दाखल झालेल्या तक्त्यात लिहिलेली होती, आणि तो तक्ता दाखल करणे कायद्याने बंधनकारक होते. सत्तास्थानी कोणासाठी कोण शब्द टाकतो आणि त्याबद्दल त्याला किती मोबदला मिळतो, याची नोंद ठेवणारी ही व्यवस्था कशी निर्माण झाली, हे समजून घेणे उद्‌बोधक आहे. या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी वॉशिंग्टनमधील वकिलांच्या पेढ्या आहेत. वकिलाने न्यायालयात बाजू मांडावी हे आपण जाणतो. परंतु शेकडो वकिलांची पेढी न्यायालयाऐवजी विधिमंडळाच्या आणि मंत्रालयांच्या दारी उभी राहते आणि त्याचे रीतसर बिल अशिलाला पाठविते, ही गोष्ट आपल्याकडील वाचकांस काहीशी नवलाची वाटेल.

वास्तविक मराठी माणसाला ती फार नवलाची वाटू नये. पेशवाईच्या काळात वकील म्हणजे न्यायसभेत वाद घालणारा नव्हे, तर एका दरबारातून दुसऱ्या दरबारी पाठविलेला प्रतिनिधी. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना कंपनी सरकारने १८३९ मध्ये पदच्युत करून काशीस पाठविले, तेव्हा त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि सुमारे चौदा वर्षे लंडनमध्ये राहिले. कंपनीचे संचालक, भागधारकांची सभा आणि पार्लमेंटचे सदस्य यांच्याकडे त्यांनी अर्ज केले, सभांतून भाषणे केली, अनुकूल इंग्रज गृहस्थांचे साहाय्य मिळविले. १८४७ मध्ये प्रतापसिंहांचे निधन झाले, १८४८ मध्ये सातारचे राज्यच खालसा झाले, तरी त्यांनी प्रयत्न सोडला नाही. १८५३ च्या सुमारास ते रिकाम्या हाती परतले. आजच्या परिभाषेत त्यांचे काम लॉबिंगच ठरेल. त्यांचे बहुतेक काम लेखी आणि उघड होते, हे मात्र येथे लक्षात ठेवावयास हवे. कारण पुढील सर्व विवेचनाचा धागा हाच आहे.

लॉबी म्हणजे सभागृहाला लागून असलेले दालन. तेथे सदस्यांना भेटता येते, म्हणून त्या दालनात सदस्यांची मनधरणी करणे याला लॉबिंग म्हणू लागले. अध्यक्ष ग्रँट हे वॉशिंग्टनच्या विलर्ड हॉटेलात धूम्रपानासाठी येत, तेथील दालनात अर्जदार त्यांना गाठत आणि त्यावरून हा शब्द निघाला, अशी एक कथा अमेरिकेत आवडीने सांगितली जाते. कथा चांगली आहे, परंतु शब्द ग्रँट यांच्या अगोदरचा आहे. मराठीत याला रदबदली म्हणता येईल. एकासाठी दुसऱ्याने शब्द टाकणे, हा तिचा अर्थ. ती चांगल्या कामासाठीही होते आणि वाईट कामासाठीही.

अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ मध्ये ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांतील पहिलीनेच गाऱ्हाण्यांच्या निवारणासाठी शासनाकडे अर्ज करण्याचा नागरिकांचा हक्क मान्य केला. भाषणस्वातंत्र्य आणि धर्मस्वातंत्र्य यांच्याच पंक्तीत हा हक्क बसविलेला आहे. त्यामुळे लॉबिंगवर सरसकट बंदी घालणे तेथे शक्य नाही. प्रश्न उरतो तो असा की, अर्जदाराने आपल्यासाठी दुसऱ्यास पैसे देऊन नेमले तर काय?

ट्रिस्ट यांचे येणे

या प्रश्नाचे पहिले महत्त्वाचे उत्तर १८७४ च्या सत्रात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिले. त्या खटल्याची हकिगत मुळातच मनोवेधक आहे. निकोलस ट्रिस्ट या अधिकाऱ्याने १८४८ मध्ये मेक्सिकोशी तह घडवून आणला. या तहाने कॅलिफोर्नियासह फार मोठा मुलूख अमेरिकेस मिळाला. परंतु वाटाघाटी चालू असतानाच अध्यक्ष पोक यांनी ट्रिस्ट यांना परत बोलाविले होते आणि तो आदेश न जुमानता त्यांनी तह पुरा केला होता. साहजिकच त्यांचा मोबदला अडकला. वीस वर्षांहून अधिक काळ हा मनुष्य आपल्या हक्काच्या पैशांची वाट पाहत राहिला.

अखेर त्यांनी लायनस चाइल्ड या बॉस्टनच्या वकिलाशी करार केला. येणे मंजूर झाले तर त्याचा चौथा हिस्सा वकिलाचा. मंजूर झाले नाही तर वकिलास काहीही नाही. काम चालू असता चाइल्ड वारले आणि त्यांच्या मुलाने ते पुढे चालविले. १८७१ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ट्रिस्ट यांना १४,५५९ डॉलर मंजूर केले. मग ट्रिस्ट यांनी चौथा हिस्सा देण्यास नकार दिला, आणि प्रकरण न्यायालयात गेले.

न्यायालयाने ट्रिस्ट यांच्या बाजूने निकाल दिला. ट्रिस्ट यांचे वागणे उचित होते असे नव्हे. करारच लोकहिताविरुद्ध, म्हणून रद्दबातल, असे न्यायालयाचे मत पडले. न्यायमूर्ती स्वेन यांनी लिहिलेल्या या निकालाचा मर्मभाग म्हणजे त्यातील विभागणी. अर्जाचा मसुदा करणे, पुरावा गोळा करणे, वस्तुस्थितीची मांडणी करणे, युक्तिवाद तयार करून तो समितीपुढे लेखी किंवा तोंडी सादर करणे, ही सर्व वकिलाची सेवा असून तिचा मोबदला घेण्यास काहीही हरकत नाही. परंतु सदस्यांना खाजगीत गाठून व्यक्तिगत वजन वापरणे ही विकण्याची वस्तू नव्हे. चाइल्ड यांनी आपल्या अशिलास लिहिलेले एक पत्रही न्यायालयापुढे होते. त्यात, तुमच्या ओळखीच्या लोकांकडून सदस्यांना पत्रे पाठवा, एकेक मत मोलाचे आहे, अशा आशयाची सूचना होती. उचित सेवा आणि अनुचित सेवा या एकाच करारात अशा मिसळल्या होत्या की त्यांची फारकत करता येत नव्हती. म्हणून संपूर्ण करारच बुडाला. उद्या मोठमोठ्या कंपन्या आपल्या लाभाचे कायदे करवून घेण्यासाठी अशी माणसे भाड्याने ठेवू लागल्या तर काय होईल, अशी भीतीही न्यायालयाने व्यक्त केली होती.

हीच रेषा आपल्याकडे त्याआधी चौदा वर्षे आखली गेली होती, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम १६३ ने लोकसेवकावर व्यक्तिगत वजन टाकण्यासाठी मोबदला घेणे हा गुन्हा ठरविला. त्याखाली दिलेले उदाहरण वाचण्यासारखे आहे. न्यायाधीशापुढे बाजू मांडण्यासाठी फी घेणारा वकील. शासनाकडे पाठवावयाचे निवेदन नीट लिहून आणि दुरुस्त करून देण्यासाठी मोबदला घेणारा मनुष्य. शिक्षा झालेल्या कैद्याच्या वतीने ती शिक्षा अन्यायाची असल्याचे कागदपत्र शासनापुढे ठेवणारा पगारी प्रतिनिधी — हे तिघेही या कलमाखाली गुन्हेगार ठरत नाहीत, कारण ते व्यक्तिगत वजन वापरत नाहीत आणि वापरतो असे सांगतही नाहीत. आमच्या तालुक्याच्या कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस कायद्याला पूर्वीपासून ओळखीचा होता, एवढाच याचा अर्थ!

न्यू डीलचे वारसदार

ट्रिस्ट खटल्यातील रेषा कागदावर स्पष्ट होती. व्यवहारात ती पुसट होत गेली. त्याला मोठे कारण १९३० नंतरच्या दशकात घडले. महामंदीवर उपाय म्हणून अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी 'न्यू डील' नावाने जी धोरणे आखली, त्यांतून रोखेबाजार, वीज कंपन्या, बँका, कामगार यांचे नियमन करणारी नवी मंडळे व आयोग उभे राहिले. कायदा काँग्रेस करी, परंतु त्याखालचे नियम ही मंडळे करीत. कारखानदाराच्या दृष्टीने वॉशिंग्टनमधील एका आयोगाच्या नियमातील एक ओळ न्यायालयातील शंभर खटल्यांपेक्षा महत्त्वाची ठरू लागली.

हे कायदे ज्यांनी लिहिले ते तरुण वकील होते. थॉमस कॉर्कोरन यांनी बेंजामिन कोहेन यांच्यासह १९३३ च्या रोखेविषयक कायद्यावर आणि १९३४ च्या रोखेबाजार कायद्यावर काम केले. १९४० च्या सुमारास ते शासनसेवा सोडून खाजगी व्यवसायात आले आणि वॉशिंग्टनमधील नामांकित रदबदलीकार झाले. थर्मन अर्नोल्ड, एब फोर्टास आणि पॉल पोर्टर या न्यू डीलमधील तिघा अधिकाऱ्यांनी युद्धानंतर एकत्र पेढी काढली. ती पुढे फार मोठी झाली. ज्यांनी कुलपे घडविली, त्यांच्याकडेच किल्ल्यांची विचारणा होऊ लागली. यात बेकायदा असे काहीच नव्हते. कायद्याचा अर्थ कोणाला अधिक कळणार? ज्याने तो लिहिला त्याला. पण अशिल नेमका कशाचे पैसे देतो — ज्ञानाचे की ओळखीचे — हे सांगणे मात्र येथूनच कठीण झाले.

क्लार्क क्लिफर्ड यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यसनीय आहे. अध्यक्ष ट्रूमन यांचे सल्लागार म्हणून काम केल्यावर १९५० मध्ये त्यांनी वकिली सुरू केली. नव्या अशिलाला ते आरंभीच बजावीत की, आपल्याकडे वजन नावाची वस्तू नाही. शासन कसे चालते याचे ज्ञान मात्र आहे, आणि तेवढेच आपण देऊ. ही सूचना ऐकून अशिलांची संख्या घटली असे नाही. ते १९६८ मध्ये संरक्षणमंत्री झाले, पुन्हा वकिलीकडे वळले, आणि पुढे एका बँकेचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. ती बँक गुप्तपणे बी.सी.सी.आय. या आंतरराष्ट्रीय बँकेच्या मालकीची असल्याचे उघड झाले, तेव्हा १९९२ मध्ये वयाच्या शहाऐंशीव्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्यांच्यावर आरोपपत्र दाखल झाले. आपल्याला फसविण्यात आले, असे त्यांचे म्हणणे होते. प्रकृतीच्या कारणास्तव १९९३ मध्ये आरोप मागे घेण्यात आले.

थॉमस हेल बॉग्ज हे पुढच्या पिढीचे. त्यांचे वडील हेल बॉग्ज प्रतिनिधिगृहातील बहुमतवाल्या पक्षाचे नेते होते. १९७२ मध्ये अलास्कात त्यांचे विमान बेपत्ता झाले आणि त्यांच्या जागी १९७३ मध्ये बॉग्ज यांच्या मातोश्री लिंडी बॉग्ज निवडून आल्या. मुलाने १९६६ मध्येच एका लहानशा पेढीत प्रवेश केला होता. पुढे पॅटन बॉग्ज या नावाने ती वॉशिंग्टनमधील लॉबिंगची आघाडीची पेढी बनली. १९७९ मध्ये क्रायस्लर ही मोटार कंपनी बुडण्याच्या बेतात असता तिच्या कर्जाला शासनाने दीड अब्ज डॉलरची हमी द्यावी, यासाठी बॉग्ज यांनी खटपट केली आणि कायदा मंजूर झाला. हमीमुळे हजारो कामगारांच्या नोकऱ्या वाचल्या, हेही नमूद केले पाहिजे. क्लिफर्ड जे आडपडद्याने करीत ते बॉग्ज यांनी उघड धंदा म्हणून केले, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते दोहोंत दुसरा प्रकार अधिक प्रामाणिक आहे. २०१४ मध्ये त्यांची पेढी दुसऱ्या पेढीत विलीन झाली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

अशी पेढी दिवसभर काय करते, याविषयी बाहेर गैरसमज फार. मेजवान्या आणि हस्तांदोलने हा त्यातील लहान भाग होय. बहुतेक काम टेबलाशी बसून होते. एखादे विधेयक येते. पेढीतील तरुण वकील ते ओळीओळीने वाचतो. अशिलाच्या धंद्यावर परिणाम करणारी व्याख्या सापडली की तिला पर्यायी शब्दयोजना तयार करतो. मग ती कोणत्या उपसमितीकडे न्यावयाची, समितीच्या सेवकवर्गातील कोणाला हा विषय कळतो, कोणत्या सदस्याच्या मतदारसंघात अशिलाचा कारखाना आहे, याचा विचार ज्येष्ठ भागीदार करतो. विधेयक मंजूर झाले की नियम करणाऱ्या खात्याकडे हरकती दाखल होतात. नियम प्रतिकूल झाले तर तीच पेढी न्यायालयात जाते. एकाच छपराखाली मसुदा, मनधरणी आणि मुकदमा ही तिन्ही कामे होतात, हेच वकिली पेढीचे इतर लॉबिंग कंपन्यांवरील वर्चस्व.

या कामाचे फळ कसे दिसते, याचे उदाहरण म्हणून १९८६ चा करसुधारणा कायदा घ्यावा. करपद्धती सोपी व समान करणारा म्हणून तो गाजला. परंतु त्यात संक्रमणकालीन तरतुदी म्हणून अशी कित्येक वाक्ये होती की, अमुक तारखेला अमुक राज्यात नोंदलेल्या कंपनीस हा नियम लागू होणार नाही. कंपनीचे नाव कोठेही नाही. पण वर्णनात बसणारी कंपनी सबंध देशात एकच. सर्वसामान्य सदस्याला अशा वाक्याचा अर्थ कळण्याचा संभव नव्हता. फिलाडेल्फियाच्या एका दैनिकातील दोन वार्ताहरांनी एकेक वाक्य घेऊन त्यामागील लाभार्थी शोधून काढले आणि १९८९ मध्ये त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. येथे लाच नव्हती, खोटेपणा नव्हता. होती ती केवळ मसुदा लिहिण्याची विद्या.

नोंदवहीचा कायदा

ट्रिस्ट खटल्याने करार रद्द ठरविले. परंतु त्याने व्यवसाय थांबला नाही. मग विचार असा पुढे आला की, जे रोखता येत नाही ते निदान नोंदले जावे. १९४६ मध्ये लॉबिंग करणाऱ्यांची नोंदणी करणारा कायदा झाला. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनेशी सुसंगत ठरविला, पण काँग्रेसच्या सदस्यांशी थेट संपर्क साधण्यापुरताच. खात्यांचे अधिकारी आणि सदस्यांचा सेवकवर्ग यांच्या भेटीगाठी त्यामुळे मोकळ्या राहिल्या. अनेक वकील तर नोंदणीच करीत नसत. आम्ही लॉबिंग करीत नाही, कायदेशीर सल्ला देतो, असे त्यांचे उत्तर असे.

१९९५ च्या कायद्याने ही उणीव बरीचशी भरून काढली, आणि २००७ मध्ये तो अधिक कडक झाला. या दुसऱ्या सुधारणेमागे जॅक अब्रामॉफ यांचे प्रकरण होते. दोन नामांकित वकिली पेढ्यांतून एकापाठोपाठ एक काम केलेल्या या गृहस्थांनी जुगारगृहे चालविणाऱ्या आदिवासी जमातींकडून कोट्यवधी डॉलर उकळले होते. जानेवारी २००६ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. आता दर तीन महिन्यांनी तक्ता द्यावा लागतो. त्यात अशिलाचे नाव, विषय, विधेयक, संपर्क साधलेले सभागृह किंवा खाते, काम करणाऱ्यांची नावे आणि मिळालेली ढोबळ रक्कम यांचा समावेश असतो. सिनेटरने पद सोडल्यावर दोन वर्षे आणि प्रतिनिधिगृहाच्या सदस्याने एक वर्ष आपल्या पूर्वीच्या सहकाऱ्यांकडे रदबदली करावयाची नाही, असा निर्बंधही आहे. या तक्त्यांच्या बेरजेनुसार २०२३ मध्ये अमेरिकेत केंद्रीय पातळीवरील लॉबिंगचा खर्च चार अब्ज डॉलरांहून अधिक झाला. २०२१ मध्ये उत्पन्नाच्या दृष्टीने पहिल्या दोन्ही संस्था वकिली पेढ्याच होत्या, आणि प्रत्येकीचे लॉबिंगचे उत्पन्न पाच कोटी डॉलरांहून अधिक होते.

तथापि तक्त्यात काय नसते, हेही पाहिले पाहिजे. कोणत्या सदस्याला किंवा अधिकाऱ्याला भेटले, हे त्यात लिहावे लागत नाही. अनेक विषयांपैकी एकेका विषयावर किती खर्च झाला, हेही नाही. वॉलमार्टच्या बाबतीत आपल्या संसदेला उत्तर मिळाले नाही त्याचे एक कारण हेच. न्यायालयीन कामकाज, जाहीर प्रसिद्धीनंतर दिलेल्या लेखी हरकती आणि अधिकाऱ्याने मागितलेली माहिती ही लॉबिंगमध्ये मोजली जात नाही, आणि ते योग्यही आहे. याखेरीज एक मोठी पळवाट आहे. एखाद्या अशिलासाठीच्या कामात वीस टक्क्यांहून कमी वेळ रदबदलीवर गेला, तर त्या व्यक्तीस नोंदणीची गरज नाही.

सिनेटमधील आपल्या पक्षाचे नेते राहिलेले टॉम डॅशल निवडणूक हरल्यानंतर २००५ मध्ये एका मोठ्या वकिली पेढीत विशेष सल्लागार म्हणून गेले. ते वकील नव्हते. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत वकील नसलेल्या व्यक्तीस पेढीची भागीदारी देता येत नाही. वॉशिंग्टन शहराच्या नियमांनी मात्र १९९१ पासून तीही सवलत दिली आहे. डॅशल यांनी वर्षानुवर्षे नोंदणी केली नाही, कारण ते स्वतः कोणास भेटत नसत. कोणाला, केव्हा, कसे भेटावे याचा सल्ला देत. २०१६ मध्ये त्यांनी अखेर नोंदणी केली. लॉबिंगचे भवितव्य या नोंद न होणाऱ्या सल्ल्यात आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

परदेशी अशिल

परदेशी शासनांसाठी काम करणाऱ्यांस १९३८ चा वेगळा आणि अधिक कठोर कायदा लागू आहे. नाझी जर्मनीच्या प्रचाराला आळा घालण्यासाठी तो झाला. त्याखाली अमेरिकेच्या न्यायखात्याकडे कराराची प्रत द्यावी लागते, कोणाशी केव्हा संपर्क साधला ते लिहावे लागते, आणि यश मिळाले तरच फी अशी अट करता येत नाही. लायनस चाइल्ड यांचा करार येथे उभाच राहिला नसता. १९६६ च्या दुरुस्तीने न्यायालयांत आणि खात्यांपुढील रीतसर सुनावणीत परदेशी अशिलाची बाजू मांडणाऱ्या वकिलांना यातून सूट दिली.

ही सूट कोठे संपते, याचा धडा स्कॅडन आर्प्स या बलाढ्य पेढीस मिळाला. युक्रेनच्या माजी पंतप्रधान युलिया तिमोशेंको यांना २०११ मध्ये झालेली शिक्षा न्याय्य पद्धतीने झाली की नाही, याविषयी युक्रेनच्या शासनाच्या सांगण्यावरून पेढीने २०१२ मध्ये एक अहवाल लिहिला. अहवाल लिहिणे हे वकिलाचे काम झाले. परंतु तो प्रसिद्ध होताना अमेरिकन वृत्तपत्रांशी जो संपर्क झाला, तो परदेशी शासनाच्या वतीने जनमत वळविण्याचा प्रयत्न होता, असे न्यायखात्याने ठरविले. जानेवारी २०१९ मध्ये पेढीने सुमारे सेहेचाळीस लाख डॉलर भरले आणि मागील तारखेची नोंदणी मान्य केली. अहवालाचे प्रमुख लेखक ग्रेगरी क्रेग यांच्यावर खटला झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये ते निर्दोष सुटले. म्हणजे तज्ज्ञ वकिलांनाही रेषेची जागा निर्विवादपणे दाखविता आली नाही.

भारतही या बाजारात ग्राहक म्हणून उतरलेला आहे, हे सांगितल्यावाचून विवेचन पुरे होणार नाही. जुलै २००५ मध्ये नागरी अणुसहकार्याची घोषणा झाल्यावर अमेरिकन काँग्रेसची मान्यता मिळविणे आवश्यक होते. त्या काळात भारतीय दूतावासाने वॉशिंग्टनमधील ज्या संस्थांची मदत घेतली, त्यांत व्हेनेबल ही वकिली पेढी होती. डिसेंबर २००६ मध्ये आवश्यक तो कायदा झाला, आणि २००८ मध्ये करार. तेथील रीतीने तेथे काम करणे यात गैर काहीच नाही. परंतु परदेशी कंपनीने आपल्याकडे तसेच केले तर आपण संतापतो. दोन्हीकडे एकच मापटे वापरावयास हवे.

आपल्याकडील स्थिती

भारतात लॉबिंग हा कायद्याने मान्य केलेला व्यवसाय नाही. १८७२ च्या करार अधिनियमाचे कलम २३ लोकहिताविरुद्धचे करार निरर्थक ठरविते. शासकीय नोकरी मिळवून देतो म्हणून हजार रुपये घेणाऱ्याचे उदाहरण त्याखाली दिलेलेच आहे. वकिलांच्या परिषदेचे नियम यशावर अवलंबून फी ठरविण्यास आणि वकिलीखेरीज अन्य व्यवसाय करण्यास मनाई करतात. दंड संहितेचे कलम १६३ भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ मध्ये सामावले गेले आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर ते कलम ७-क च्या रूपाने आहे. लोकसेवकावर व्यक्तिगत वजन टाकण्यासाठी अनुचित लाभ घेणाऱ्यास तीन ते सात वर्षांची शिक्षा त्यात सांगितली आहे. म्हणजे मनाई आपल्याकडे अमेरिकेपेक्षा कडक आहे; नोंद मात्र मुळीच नाही. लॉबिंगची माहिती प्रकट करण्याविषयी लोकसभेत २०१३ मध्ये एक खाजगी विधेयक मांडले गेले होते; त्याचा कायदा झाला नाही.

परंतु नोंदीची साधने अगदीच नाहीत असे नव्हे. २०१४ पासून केंद्र शासनाच्या धोरणानुसार विधेयकाचा मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा, अशी अपेक्षा आहे. संसदेच्या आणि विधिमंडळाच्या समित्या निवेदने मागवितात. माहितीच्या अधिकाराखाली संचिकेवरील टिपणीही पाहता येते. या सर्वांचा उपयोग कागदावर आलेल्या गोष्टींपुरता आहे, ही त्यांची मर्यादा होय.

तालुक्याच्या पातळीवर हा प्रश्न फार साध्या रूपात येतो. एखाद्या गावाचे शिष्टमंडळ रस्त्यासाठी किंवा नळयोजनेसाठी निवेदन घेऊन येते, त्यावर सह्या असतात, आवक नोंदवहीत क्रमांक पडतो. त्याच आठवड्यात कोणी सभ्य गृहस्थ विश्रामगृहावर भेटतो, तोच रस्ता दुसऱ्या बाजूने कसा न्यावा हे समजावून सांगतो. कदाचित त्याचे म्हणणे अधिक सयुक्तिकही असेल. अधिकाऱ्याने वा सभापतीने त्याला घालवून देण्याचे कारण नाही. आपण हे कोणाच्या वतीने सांगत आहात, आणि हेच म्हणणे लेखी द्याल काय, एवढे दोन प्रश्न विचारावेत. भेटीची तारीख, नाव आणि विषय यांची दोन ओळींची नोंद संचिकेत ठेवावी. लेखी देण्यास जो तयार होतो, तो ट्रिस्ट निकालातील पहिल्या प्रकारचा वकील; जो होत नाही, त्याची फी कशाची, ते त्याच्या नकारातूनच समजते.